वकील कार्यालयातील प्रकरण-व्यवस्थापन सॉफ्टवेअर : आपोआप जाणारे पाठपुराव्याचे प्रश्न आणि नियमांच्या अटी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सोलापूर शहरातील आणि बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, माळशिरस येथील वकील कार्यालयांतून कनिष्ठ वकील व कारकून मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये बटणांची नावे वेगळी असतात; त्यामुळे कोणते बटण दाबावे यापेक्षा नियम कसा रचावा यावर भर दिला आहे. कायद्यातील मुदती उदाहरणादाखल आलेल्या आहेत. विशिष्ट प्रकरणातील शेवटची तारीख वकिलांनी कागदावरूनच ठरवावी.

१. पाठपुराव्याचा आपोआप प्रश्न आणि साधे स्मरणपत्र यांत फरक काय?

स्मरणपत्र सांगून मोकळे होते, तर पाठपुराव्याचा प्रश्न उत्तराची वाट पाहतो आणि आलेले उत्तर प्रकरणातील ठरावीक रकान्यात नोंदवतो. ‘उद्या तारीख आहे’ हे स्मरणपत्र झाले. ‘नोटिशीची पोचपावती मिळाली का? मिळाली असल्यास तिच्यावरील तारीख कळवावी’ हा पाठपुराव्याचा प्रश्न. ज्या प्रश्नाचे उत्तर साठवायला रकाना नाही, तो आपोआप पाठवू नये. त्याची उत्तरे कारकुनाच्या फोनमध्ये पडून राहतात आणि प्रकरणापर्यंत पोहोचत नाहीत.

२. एका नियमात काय काय असावे लागते?

नियम कशाने जागा होतो (नवी नोंद, रकान्यातील बदल किंवा रोजची ठरलेली वेळ), कोणत्या अटी पूर्ण झाल्यावर चालतो, काय करतो आणि कधी थांबतो, हे चार भाग हवेत. पहिले तीन भरल्याशिवाय सॉफ्टवेअर पुढे जाऊ देत नाही, चौथ्याबद्दल मात्र बहुतेक वेळा विचारतही नाही. म्हणून थांबण्याची अट आधी लिहावी, असा आमचा आग्रह असतो. त्याची पद्धत प्रश्न ९ मध्ये आहे.

३. सुरुवात कोणत्या प्रकरणांपासून करावी?

चेक बाउन्सच्या प्रकरणांपासून. चादर, टॉवेल आणि सुताचा व्यवहार उधारीवर चालत असल्याने सोलापुरातील बहुतेक कार्यालयांत अशी प्रकरणे असतात आणि त्यांचे टप्पे कायद्यानेच आखून दिलेले आहेत. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ नुसार चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत समोरच्याने पैसे न दिल्यास फिर्यादीचे कारण घडते आणि कलम १४२ नुसार त्यापासून एक महिन्याच्या आत फिर्याद दाखल करावी लागते. उशीर झाल्यास तो माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, पण त्या भरवशावर नियम रचू नये.

यासाठी तीन प्रश्न पुरतात. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो पक्षकाराच्या हाती कोणत्या तारखेला आला, नोटीस समोरच्याला कधी पोचली आणि पंधरा दिवसांत काही रक्कम जमा झाली का? पहिला प्रश्न विचारताना मेमोवर छापलेली तारीख न मागता माहिती मिळाल्याची तारीख मागावी. दोन्ही तारखा नेहमी एकच असतात असे नाही.

४. ‘सर्व अटी’ आणि ‘कोणतीही एक अट’ यांत आमचा नेहमी गोंधळ होतो. निकाली प्रकरणांतील पक्षकारांनाही संदेश का गेले?

बहुधा कंस न घातल्यामुळे. ‘तालुका बार्शी किंवा तालुका पंढरपूर आणि स्थिती चालू’ अशी अट आपण वाचतो तेव्हा दोन्ही तालुक्यांतील चालू प्रकरणे आपल्या मनात असतात. पण बहुतेक सॉफ्टवेअर ‘आणि’ने जोडलेला भाग आधी सोडवते. परिणामी पंढरपूरची चालू प्रकरणे येतात आणि त्यांबरोबर बार्शीची सगळीच येतात, निकाली निघालेलीसुद्धा. दोन तालुक्यांचा एक गट करून त्या गटाला ‘आणि स्थिती चालू’ हे जोडावे. गट करण्याची सोय नसेल, तर दोन स्वतंत्र नियम करावेत. ते लांबलचक दिसते, पण सहा महिन्यांनी वाचणाऱ्यालाही कळते.

५. तारखेचा रकाना रिकामा असेल तर नियम काय करतो?

हा प्रश्न सर्वांत कमी वेळा विचारला जातो आणि सर्वाधिक नुकसान इथेच होते. ‘नोटीस पोचल्याची तारीख अधिक १५ दिवस’ या नियमाला तारीखच मिळाली नाही, तर बहुतेक सॉफ्टवेअर चूक दाखवत नाही; ते प्रकरण मुकाट्याने बाजूला ठेवते. यादीत लाल खूण दिसत नाही म्हणून सगळे ठीक आहे असे कार्यालय समजते आणि मुदत मात्र चालूच राहते.

म्हणून तारखेवर चालणाऱ्या प्रत्येक नियमाला एक जोडनियम द्यावा. मूळ घटनेला ठरावीक दिवस उलटूनही पुढची तारीख रिकामी असेल, तर पक्षकाराला प्रश्न न पाठवता कार्यालयातील जबाबदार माणसाच्या नावे काम तयार व्हावे. उदाहरणार्थ, नोटीस पोस्टात टाकल्याला दहा दिवस झाले आणि पोचल्याची तारीख आलेली नाही, तर कारकुनाने पोस्टाच्या संकेतस्थळावर मागोवा पाहून त्याची प्रत प्रकरणाला जोडावी.

पोचपावतीऐवजी लखोटाच परत आला, तर अंदाजाने तारीख भरून रकाना पूर्ण करण्याचा मोह होतो, तो टाळावा. ‘घेण्यास नकार’, ‘घर बंद’, ‘पत्त्यावर राहत नाही’ असे वेगवेगळे शेरे असतात आणि त्यांचा कायदेशीर परिणामही वेगळा असू शकतो. बरोबर पत्त्यावर पाठवलेली नोटीस नाकारली गेल्यास ती बजावली गेली असे सामान्यतः धरले जाते. ‘पत्त्यावर राहत नाही’ या शेऱ्याबाबत मात्र पत्ताच बरोबर होता का, हा प्रश्न उभा राहतो. शेऱ्यासाठी वेगळा निवड-रकाना ठेवावा, आणि तो भरताच ‘बजावणीची तारीख वकिलांनी निश्चित करावी’ असे काम वकिलांच्या यादीत जावे.

नकारार्थी अटींतही रिकाम्या रकान्यांचा घोळ होतो. ‘स्थिती निकाली नाही’ या अटीत रिकाम्या स्थितीची प्रकरणे काही सॉफ्टवेअर धरते, काही वगळते. आपले सॉफ्टवेअर काय करते, हे एका नमुना प्रकरणावर तपासावे. त्यापेक्षा ‘स्थिती चालू आहे’ अशी होकारार्थी अट केव्हाही बरी.

६. एक महिना आणि ३० दिवस यांत एवढा काय फरक पडतो?

नोटीस समोरच्याला २७ जानेवारी २०२६ रोजी मिळाली असे समजा. तो दिवस सोडून मोजल्यास पंधरावा दिवस ११ फेब्रुवारीला येतो आणि १२ फेब्रुवारीला फिर्यादीचे कारण घडते. तिथून एक कॅलेंडर महिना म्हणजे १२ मार्चपर्यंत. नियमात कोणी ‘३० दिवस’ लिहिले असेल, तर सॉफ्टवेअर १४ मार्च दाखवील. ती तारीख दुसऱ्या शनिवारची आहे. त्यामुळे सुट्टी आल्यास पुढे ढकलण्याची सोय चालू असेल, तर पडद्यावर सोमवार, १६ मार्च दिसेल. म्हणजे फिर्याद चार दिवस उशिरा दाखल होईल आणि यंत्राच्या लेखी सगळे वेळेत असेल.

३१ दिवसांच्या महिन्यात हाच नियम एक दिवस आधीची तारीख दाखवतो, त्यामुळे चूक कोणाच्या लक्षात येत नाही. ती फेब्रुवारीत उघडी पडते. कायद्यात महिना असेल तिथे ‘महिने’ हेच एकक निवडावे.

७. पहिला दिवस धरायचा की सोडायचा?

मुदत अधिनियमाच्या कलम १२ नुसार दावा, अपील किंवा अर्जाची मुदत मोजताना ज्या दिवसापासून मोजणी सुरू होते तो दिवस सोडतात. अपिलात निकालाची नक्कल मिळवण्यासाठी लागलेला वेळही वगळला जातो. म्हणून नक्कल-अर्जाची तारीख आणि नक्कल तयार झाल्याची तारीख असे दोन रकाने हवेतच.

आरोपीच्या कोठडीची मोजणी याच्या उलट आहे. ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र न आल्यास मिळणाऱ्या जामिनासाठी रिमांडचा पहिला दिवसही मोजायचा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. एकच ‘दिवस मोजा’ सूत्र सर्व प्रकरणांना लावले, तर इथे एका दिवसाची चूक होते. त्यामुळे प्रकरणाच्या प्रकारानुसार मोजणीची पद्धत वेगळी साठवावी.

८. सुट्ट्यांचे कॅलेंडर जोडले की मुदती आपोआप बरोबर येतात का?

येत नाहीत. न्यायालय बंद असताना मुदत संपली, तर न्यायालय उघडेल त्या दिवशी दाखल करता येते, ही तरतूद न्यायालयात दाखल करण्याच्या कामांसाठी आहे. चेकची नोटीस पोस्टाने जाते; न्यायालयाच्या सुट्टीमुळे तिचे ३० दिवस वाढतील असे धरू नये. म्हणून नियमात ‘दाखल करण्याचे काम’ आणि ‘पाठवण्याचे काम’ असे दोन प्रकार करावेत आणि तारीख पुढे ढकलण्याची सोय पहिल्यापुरतीच ठेवावी.

दिवाणी न्यायालयांची उन्हाळी सुट्टी फौजदारी कामाला सरसकट लावू नये. जिल्ह्याच्या स्थानिक सुट्ट्या दर वर्षी जिल्हा न्यायालयाच्या यादीवरून हाताने भराव्यात, कारण तयार मिळणाऱ्या कॅलेंडरमध्ये त्या नसतात. गड्ड्याच्या यात्रेत किंवा आषाढीला पंढरपुरात काम चालू आहे की नाही, हे ऐकीव माहितीवर ठरवू नये.

सुट्टीमुळे पुढे गेलेली तारीख आणि मूळ तारीख या दोन्ही पडद्यावर दिसाव्यात, आणि आठवण नेहमी मूळ तारखेवरून जावी. आमच्या मते सुट्टीचा लाभ हा शेवटचा आधार आहे. त्यावर कामाची आखणी करू नये.

९. पक्षकाराला एकच प्रश्न रोज जात राहिला. तो थांबवावा कसा?

अशा नियमात ‘उरलेले दिवस ७ किंवा कमी’ अशी अट असते आणि ती रोज खरी ठरते. यावर अनेकजण ‘उरलेले दिवस बरोबर ७’ असे लिहितात. त्याने रोजचा संदेश थांबतो खरा, पण सातव्या दिवशी सर्व्हर बंद असेल किंवा नोंदच सहाव्या दिवशी झाली असेल, तर तो प्रश्न कधीच जात नाही. ‘७ किंवा कमी’ हीच अट ठेवून तिला ‘हा प्रश्न पूर्वी पाठवलेला नाही’ ही अट जोडावी.

पुन्हा विचारायचे असेल, तर ‘शेवटच्या प्रश्नाला तीन दिवस झाले आणि उत्तर आलेले नाही’ असा दुसरा नियम करावा आणि त्याला कमाल दोन वेळांची मर्यादा घालावी. त्यानंतरही उत्तर न आल्यास कारकुनाने फोन करावा. तिसऱ्या संदेशाला उत्तर देणारा माणूस पहिल्यालाच देतो, असा आमचा अनुभव आहे.

१०. एका व्यापाऱ्याची बरीच प्रकरणे आहेत. त्यांना एकाच सकाळी ढीगभर संदेश जातात.

प्रश्न प्रकरणवार न पाठवता पक्षकारवार एकत्र करावेत आणि आठवड्यातून एकदा यादी द्यावी. यादीत प्रत्येक ओळीला समोरच्याचे नाव, चेकचा क्रमांक आणि हवी असलेली माहिती असावी, कारण पेढीवर बसलेल्या शेटजींना प्रकरण-क्रमांक ठाऊक नसतो, चेक कोणाचा ते ठाऊक असते. मुदत सात दिवसांवर आलेली प्रकरणे मात्र यादीत न अडकवता स्वतंत्र पाठवावीत.

११. आमचे पक्षकार तेलुगू आणि कन्नड बोलणारे आहेत. उत्तरे नीट नोंदली जात नाहीत.

पक्षकाराच्या नोंदीत भाषेचा रकाना ठेवावा, तो रिकामा असल्यास मराठी धरावी आणि तिन्ही भाषांतील मसुदे जाणकाराकडून तपासून घ्यावेत. यंत्राने केलेले भाषांतर कायदेशीर प्रश्नाला वापरू नये.

खरी अडचण उत्तर ओळखण्यात असते. नियम फक्त ‘होय’ शोधत असेल, तर ‘हो’, ‘व्हय’, ‘अवुनु’, ‘हौदु’ ही सगळी उत्तरे ‘उत्तर नाही’ या खात्यात जातात. मजकूर ओळखण्याच्या भानगडीत न पडता बटणे द्यावीत किंवा ‘१ दाबा, २ दाबा’ असे विचारावे. त्यातही देवनागरी आणि इंग्रजी असे दोन्ही अंक स्वीकारले जातात का, ते पाहावे. आवाजात पाठवलेले उत्तर आले की ते ऐकण्याचे काम आपोआप कारकुनाच्या नावे तयार व्हावे. जुन्या पक्षकारांपैकी बरेचजण बोलूनच उत्तर देतात आणि त्यात हवी त्यापेक्षा जास्त माहिती असते.

१२. ई-कोर्ट्सवरील पुढची तारीख बदलली, तरी जुन्या तारखेची आठवण गेली. असे का?

आठवण आधीच रांगेत लागलेली होती म्हणून. ‘पुढची तारीख’ हा रकाना बदलताच त्या प्रकरणाच्या प्रलंबित आठवणी रद्द होऊन नव्या तयार व्हाव्यात, असा स्वतंत्र नियम हवा. प्रकरणाची जुळणी सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांकावरून (ई-कोर्ट्समध्ये प्रत्येक प्रकरणाला मिळणाऱ्या स्वतंत्र क्रमांकावरून) करावी. दावा क्रमांक आणि वर्ष यांवरून केल्यास वेगवेगळ्या न्यायालयांतील सारख्या क्रमांकांची सरमिसळ होते.

१३. उच्च न्यायालयातील कामांसाठीच्या नियमांत काही बदल करावा लागेल का?

होय. मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले असून सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. ‘उच्च न्यायालय’ निवडताच ठिकाण ‘मुंबई’ भरणारा जुना नियम असेल, तर तो बंद करावा. पण सर्व जुन्या नोंदी एका झटक्यात ‘कोल्हापूर’ करू नयेत. प्रत्येक प्रकरण सध्या कोठे आहे, हे पाहूनच ठिकाण बदलावे. मोठ्या प्रमाणावरील बदलाचे इतर धोके प्रश्न १७ मध्ये आहेत.

१४. जुने आणि नवे फौजदारी कायदे एकाच नियमात कसे बसवावेत?

एका तारखेवर विसंबून बसवू नयेत. नवे कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले. गुन्ह्याला भारतीय दंड संहिता लागू की भारतीय न्याय संहिता, हे गुन्हा घडल्याच्या तारखेवरून ठरते. कार्यपद्धती कोणती, हे त्या दिवशी तपास, चौकशी, खटला, अर्ज किंवा अपील प्रलंबित होते का यावर अवलंबून असते. त्यामुळे जून २०२४ मधील घटनेची फिर्याद नंतर नोंदली गेल्यास दोन्हींचा मेळ बसू शकतो. ‘मूळ कायदा’ आणि ‘कार्यपद्धती’ असे दोन रकाने करून मसुदा दुसऱ्यावरून निवडावा, म्हणजे अटकपूर्व जामिनाच्या अर्जात जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४३८ की नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४८२ हा घोळ होणार नाही.

१५. पक्षकाराचे निधन झाले आहे आणि त्यांच्या फोनवर प्रश्न जात आहेत. काय करावे?

पक्षकाराच्या नोंदीत ‘मयत’ अशी खूण केल्याबरोबर त्या क्रमांकावरील सर्व संदेश थांबले पाहिजेत. हा नियम सर्वांत वरच्या क्रमांकावर ठेवावा, म्हणजे बाकीचे नियम त्याच्या आड येणार नाहीत. घरात दुखवटा असताना ‘आपण अद्याप उत्तर दिलेले नाही’ असा संदेश जाणे कोणत्याही कार्यालयाला शोभत नाही.

त्याच वेळी कामाची घाईही असते. दिवाणी दाव्यात वारस रेकॉर्डवर घेण्याच्या अर्जाची मुदत मृत्यूच्या तारखेपासून ९० दिवस आहे, कार्यालयाला कळल्यापासून नाही. म्हणून ही खूण करताना मृत्यूची तारीख भरणे सक्तीचे ठेवावे. त्यावरून वकिलांच्या नावे काम तयार व्हावे. वारसांशी बोलणे मात्र माणसानेच करावे. प्रतिवादीच्या निधनाची बातमी बहुधा पक्षकाराकडूनच येते. तिच्यासाठी वेगळा रकाना ठेवावा.

१६. व्हॉट्सॲपवर प्रकरणाचा किती तपशील पाठवावा?

उत्तर मिळण्यापुरता. घटस्फोट, पोटगी किंवा घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणांत फोन घरातल्या कोणाच्याही हाती असू शकतो. तेथे ‘कार्यालयाशी संपर्क साधावा’ एवढाच मजकूर जाईल अशी अट घालावी, आणि ती प्रकरणाच्या प्रकारावरून आपोआप लागावी. वकील आणि पक्षकार यांच्यातील संवादाची गोपनीयता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये नमूद आहे. ती जपण्याची जबाबदारी संदेश यंत्राने पाठवला म्हणून कमी होत नाही.

हे संदेश सध्याच्या पक्षकारांनाच जावेत. चौकशी करून गेलेल्या माणसाला आपोआप संदेश पाठवत राहणे वकिलांवरील जाहिरातबंदीच्या नियमात अडकू शकते.

१७. जुनी माहिती एक्सेलमधून भरली आणि शेकडो संदेश गेले. नवा नियम चालू करण्यापूर्वी काय तपासावे?

माहिती भरणे हीही सॉफ्टवेअरच्या लेखी ‘नवी नोंद’च असते. त्यामुळे भरण्यापूर्वी सर्व नियम थांबवावेत, भरून झाल्यावर एकेक चालू करावा आणि प्रत्येकात ‘नोंदीची तारीख अमुक दिवसानंतरची’ ही अट ठेवावी.

नव्या नियमाची चाचणी कार्यालयाच्याच क्रमांकावर घ्यावी. एक सरळ प्रकरण, एक तारीख रिकामी असलेले, एक निकाली, एक फेब्रुवारीतून जाणारे आणि एक मुदत उलटून गेलेले अशी नमुना प्रकरणे पुरतात. संदेश पहाटे साडेपाचला जात असतील, तर सॉफ्टवेअरची वेळ भारतीय वेळेवर लावलेली नाही असे समजावे. तसे असल्यास मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत केलेल्या नोंदींना आदल्या दिवसाची तारीख लागते, म्हणून वेळ दुरुस्त केल्यावर त्या नोंदीही पुन्हा पाहाव्यात.

१८. नियम कोणी बदलावेत?

एकाच व्यक्तीने, वकिलांच्या लेखी संमतीने. प्रत्येक बदलाशेजारी कारण आणि तारीख लिहावी. लॉगमध्ये कोणी बदल केला ते दिसते, का केला ते दिसत नाही.